बेला गुटमन: शाप सोडा, त्याची कॉन्ट्रॅक्टं बघा

प्रश्न असा आलाय: "बेला गुटमन खरंच ग्रेट फुटबॉल कोच होता, की बेन्फिकाच्या त्या शंभर वर्षांच्या शापामुळेच नाव झालं? आणि एवढे देश फिरला, एवढे क्लब केले, मग कुठेच टिकला का नाही?" मी बावीस वर्षं कोचिंग करतोय, त्यातली निम्मी तरी दुसऱ्याने बिघडवून ठेवलेल्या टीम हातात घेण्यात गेली, त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे, ते गृहीत धरून वाच.

आधी शापाचं उरकून टाकू, कारण सगळे तिथेच अडकतात. 2 मे 1962 ला ॲमस्टरडॅममध्ये गुटमनच्या बेन्फिकाने (लिस्बनचा क्लब) रिअल माद्रिदला 5-3 हरवलं, सलग दुसरा युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग. गुटमन बोर्डाकडे गेला, म्हणाला पैसे वाढवा, बोर्ड म्हणालं कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं काही लिहिलेलं नाही, आणि हा गाशा गुंडाळून निघाला. जाता जाता म्हणे बोलला की पुढची शंभर वर्षं बेन्फिका युरोपचं चॅम्पियन होणार नाही. त्यानंतर 1963, 1965, 1968, 1988, 1990 अशा पाच युरोपियन कप फायनल ते हरले, 1983 ची यूएफा कप आणि 2013, 2014 च्या युरोपा लीगच्या फायनल धरल्या तर एकूण आठ. 1990 ची फायनल व्हिएन्नात होती, गुटमनला पुरलंय पण व्हिएन्नातच, तर युसेबियो स्वतः कबरीवर जाऊन प्रार्थना करून आला, तरी मिलानने 1-0 ने घेतली मॅच. गोष्ट भारी आहे, वादच नाही. पण ते वाक्य तो त्याच शब्दांत बोलला याला भक्कम पुरावा नाही, आणि लोक एक गंमत विसरतात की 1965 मध्ये हाच गुटमन परत बेन्फिकाचा कोच झाला! शंभर वर्षांचा शाप देणारा माणूस तीन वर्षांत त्याच बेंचवर येऊन बसेल का? (आणि त्याच सीझनला, मार्च 1966 मध्ये, जॉर्ज बेस्टच्या मँचेस्टर युनायटेडने लिस्बनमध्ये येऊन त्यांना 5-1 धुतलं. म्हणजे शाप असलाच तर त्याचा एक फटका त्यालाही बसला म्हणायचा.)

मला विचारशील तर गुटमन समजून घ्यायचा तर तो कुठून कुठून हाकलला गेला ते बघ. आयुष्यभर या माणसाला कोणी ना कोणी दार दाखवलं, म्हणून तो दार दाखवायच्या आधी निघायला शिकला. आणि लवकर निघायचं तर काम लवकर दिसलं पाहिजे, म्हणून त्याचं सगळं कोचिंग दोन सीझनच्या मापाचं होतं. तुझे दोन्ही प्रश्न म्हणूनच मला एकच वाटतात.

सुरुवात बुडापेस्टची. जन्म 1899 चा, ज्यू कुटुंब, आईवडील डान्स शिकवायचे आणि पोरगाही सोळाव्या वर्षी डान्स शिकवायला पात्र झाला होता. हे मी उगाच सांगत नाहीये, पायांची लय शिकवणं हा त्याच्या घरचा धंदाच होता. पुढे बुडापेस्टच्याच एमटीके क्लबमध्ये सेंटर हाफ. त्या काळचा सेंटर हाफ म्हणजे आजचा स्टॉपर नव्हे हां, 2-3-5 मध्ये मधल्या तिघांतला मधला, अख्खी टीम ज्याच्यावर फिरते तो. एमटीके मध्ये पहिल्या महायुद्धात बुडापेस्टला अडकून पडलेल्या जिमी हॉगन नावाच्या इंग्लिश माणसाने छोट्या पासांचा खेळ रुजवून ठेवला होता, गुटमन त्याच शाळेतला. 1921 ला लीग जिंकली, पण हंगेरीत तेव्हा हॉर्टी नावाच्या उजव्या सत्ताधाऱ्याची राजवट आणि ज्यूंविरुद्ध वातावरण पेटलेलं, तर हा व्हिएन्नाला हकोआ क्लबकडे गेला. हकोआ म्हणजे हिब्रूत ताकद, क्लब संपूर्ण ज्यूंचा, आणि 1924-25 ची ऑस्ट्रियन लीग त्यांनी जिंकली.

मधे 1924 ची पॅरिस ऑलिम्पिक. हंगेरीच्या टीमबरोबर खेळाडूंपेक्षा अधिकारी जास्त गेले, हॉटेल असं की रात्री पार्ट्यांच्या गोंगाटाने झोप नाही, आणि गुटमनने निषेध म्हणून मेलेले उंदीर अधिकाऱ्यांच्या दारांना टांगले असं सांगतात. पोलंडला 5-0 हरवलं, नंतर इजिप्तकडून 3-0 ने हरून घरी. देशासाठी पुढे तो परत खेळलाच नाही. मॅनेजमेंटशी त्याचं जे पुढे आयुष्यभर चाललं त्याचा ट्रेलर इथेच बघायला मिळतो.

1926 मध्ये हकोआ अमेरिकेच्या टूरवर गेलं, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर 46 हजार माणसं आली बघायला, आणि टीममधले बरेच जण तिथेच राहिले कारण पैसा चांगला होता आणि व्हिएन्नात जो त्रास होता तो नव्हता. गुटमनही राहिला. न्यूयॉर्क जायंट्स, मग न्यूयॉर्क हकोआ, 1929 चा यूएस ओपन कप. बाजूला दारूबंदीच्या काळातल्या चोरट्या बारमध्ये भागीदारी. मग 1929 चा वॉल स्ट्रीट क्रॅश झाला आणि कमावलेलं बहुतेक सगळं वाहून गेलं. पस्तिशीकडे झुकलेला, खिसा रिकामा, असा तो युरोपात परत आला आणि कोच झाला. पुढे पैशाच्या बाबतीत तो एवढा काटेकोर का, हे ज्यांना कळत नाही त्यांनी ही दोन-तीन वर्षं डोळ्यासमोर आणावीत.

कॉन्ट्रॅक्टचा पहिला किस्सा हॉलंडचा आहे, एन्स्केडे क्लब, 1935 च्या आसपास. क्लब आपला खाली जाऊ नये एवढीच अपेक्षा धरून होता, तर याने कॉन्ट्रॅक्टमध्ये अट टाकली की देशाची चॅम्पियनशिप जिंकलो तर घसघशीत बोनस. चेअरमनने हसत सही केली, असा दिवस कुठे येतोय म्हणून! मग टीम जिंकत सुटली, आणि सांगतात की शेवटी चेअरमनच देवाकडे मागायला लागला की बाबा आता हरू दे, नाहीतर क्लब विकावा लागेल. चॅम्पियनशिप हुकली ती गोष्ट वेगळी. पण यातली मेख बघ. महिन्याचा पगार वाढवा म्हणून तो भांडत बसला नाही, क्लबला जे अशक्य वाटतं त्याची किंमत आधी लिहून घेतली. नव्या कोचला मी आजही हेच सांगतो की पहिल्या मीटिंगला समोरचे खुशीत असतात, काय लिहून घ्यायचं ते तेव्हाच घे. एकदा जिंकलास की मग लोक म्हणतात टीम मुळातच चांगली होती.

1939 मध्ये उइपेश्त या बुडापेस्टच्या क्लबला घेऊन त्याने हंगेरियन लीग आणि मित्रोपा कप दोन्ही जिंकले, म्हणजे त्या काळच्या मध्य युरोपातली सगळ्यात मोठी ट्रॉफी. आणि मग युद्ध. या भागावर तो स्वतः पुढे फारसं बोलला नाही, कितीतरी वर्षं लोकांना वाटायचं हा स्वित्झर्लंडला निसटला असेल. खरं तर तो बुडापेस्टजवळ होणाऱ्या बायकोच्या भावाच्या सलूनवरच्या माळ्यावर लपून होता, नंतर सक्तमजुरीच्या कॅम्पमध्ये सापडला, आणि 1944 च्या डिसेंबरमध्ये खिडकीतून उडी मारून पळाला. बरोबर पळालेला एक जण होता एर्नो एर्बस्टाइन, तोच जो पुढे इटलीतली महान तोरिनो टीम उभी करणार होता आणि 1949 च्या सुपेर्गाच्या विमान अपघातात टीमबरोबर जाणार होता. दोन मोठे कोच एका खिडकीतून! गुटमनचे वडील, बहीण, बरेचसे नातेवाईक ऑशविट्झमध्ये मारले गेले. यानंतर एखाद्या माणसाला कुठल्याही गावाला, कुठल्याही क्लबला, कुठल्याही चेअरमनच्या शब्दाला घट्ट धरून बसावंसं वाटलं नाही तर मला तरी नवल वाटत नाही.

युद्धानंतर विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. रोमानियात चोकानुल क्लब, तिथे अन्नाची एवढी टंचाई की पगार भाजीपाल्यात घेतला, आणि एका डायरेक्टरने टीम सिलेक्शनमध्ये नाक खुपसल्यावर हा चालता झाला. परत उइपेश्त, 1947 ची लीग. मग किशपेश्त क्लब, जिथे वीस-एकवीस वर्षांचा फेरेंक पुश्कास खेळत होता आणि आधीचा कोच पुश्कासचा बापच होता, म्हणजे तू कल्पना कर नव्या कोचची काय अवस्था.

आता हा प्रसंग जरा थांबून बघण्यासारखा आहे. 1948 ची मॅच आहे, किशपेश्त मागे पडलंय, पात्यी नावाचा फुलबॅक आडदांड खेळतोय म्हणून गुटमन भडकलेला, हाफटाइमला त्याने पात्यीला सांगितलं तू परत ग्राउंडवर जायचं नाहीस, दहा जण खेळतील. तेव्हा सबस्टिट्यूट नव्हते हे लक्षात घे. पात्यी घुटमळला, पुश्कास म्हणाला चल, खेळायचं. पात्यी गेला. गुटमन स्टँडमध्ये जाऊन बसला, सेकंड हाफभर रेसचा पेपर वाचला, मॅच संपल्यावर ट्राम पकडून घरी गेला, परत कधी आला नाही. यात मला विचारशील तर चूक गुटमनचीच होती, हाफटाइमला पंधरा मिनिटांत एखाद्याला सगळ्यांसमोर उघडं पाडलं की बाकीचे दहा त्याच्या बाजूला जातात, हे मी स्वतः एकदा करून बघितलंय आणि पुढचे दोन महिने ते निस्तरत बसलो होतो. पण चूक केल्यावर तो ड्रेसिंग रूम परत मिळवायला धडपडला नाही, त्याला कळलं इथलं आपलं काम संपलं. मी दोन महिने घालवले, त्याने ट्रामचं तिकीट काढलं, यातलं शहाणं कोण हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

इटलीत पादोवा, त्रिएस्तिना, मधे अर्जेंटिना आणि सायप्रस घाईघाईत, आणि मग 1953 ला मिलान. नोर्डाल, लिडहोम आणि नंतर स्कियाफिनो, अशी टीम. 1954-55 ला मिलान लीगमध्ये एक नंबरला असताना याला काढून टाकलं! टेबलच्या टोकावर असताना! आणि त्या सीझनला मिलानच चॅम्पियन झालं, दुसऱ्या कोचच्या हाताखाली. त्यानंतर म्हणे त्याने कॉन्ट्रॅक्टमध्ये कलमच टाकायला सुरुवात केली की टीम एक नंबरला असताना मला काढता येणार नाही.

1956 मध्ये हंगेरीत उठाव झाला तेव्हा होनवेद क्लब (किशपेश्तचंच नवं नाव) युरोपियन कपसाठी बाहेर होता, पुश्कास, कोचिश, चिबोर सगळे. परत जावं की नाही अशा अवस्थेत ही टीम 1957 च्या सुरुवातीला ब्राझीलला टूरवर गेली, बरोबर कोच गुटमन (जुनी भांडणं तेव्हा कोण उगाळत बसणार). टूर संपली, टीम पांगली आणि हा तिथेच साओ पावलो क्लबमध्ये राहिला. त्याच वर्षी क्लबला पावलिस्ता, म्हणजे साओ पावलो राज्याच्या लीगचा, चॅम्पियन केलं, त्यासाठी पस्तिशी गाठलेला झिझिन्यो आणला, 1950 वर्ल्ड कपचा हिरो, ज्याला लोक संपला म्हणत होते.

इथे एक मोठा दावा सांगतात, की 4-2-4 (मागे चार, मधे दोन, पुढे चार) ब्राझीलला गुटमनने दिली आणि त्यावर त्यांनी 1958 चा वर्ल्ड कप जिंकला. हे अर्धंच खरं धर. डब्ल्यूएम, म्हणजे तेव्हाची तीन डिफेंडरची मांडणी, त्यातला एक हाफ मागे ओढून चौथा डिफेंडर करायचा, पुढे चार ठेवायचे, हे ब्राझीलमध्ये गुटमन यायच्या आधीपासून वेगवेगळ्या क्लबांत शिजत होतं, आणि हंगेरीची टीमही जवळपास तसंच खेळायची. पण विसेंट फिओला, 1958 चा ब्राझीलचा कोच, साओ पावलोत गुटमनच्या सोबत होता, आणि गुटमनने काय दाखवलं असेल तर तो आकडा नाही, वेग. ब्राझीलच्या खेळाडूंकडे बॉल कंट्रोल देवाचा होता पण बॉल पायात ठेवून खेळायची सवय. त्याने काय केलं तर प्रॅक्टिसला ओरडायचा "टाट-टाट-टाट" आणि "पिंग-पँग-पाँग". म्हणजे बॉल आला की सोड, मागून मधे, मधून पुढे. पोर्तुगीज त्याची मोडकीतोडकी, पण या शब्दांना भाषाच लागत नाही.

मला विचारशील तर परदेशात कोचिंग करणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं. चांगला खेळाडू असतो, डोक्यात सगळं असतं, पण समजावायला त्याला पूर्ण वाक्य लागतं आणि वाक्य दुभाष्याकडून जाईपर्यंत बॉल दुसरीकडे गेलेला असतो. ज्याला आपला खेळ तीन आवाजांत सांगता येतो तो कुठेही चालतो. गुटमन डान्स मास्तरांचा पोरगा, त्याला ताल देऊन शिकवायचं माहीत होतं.

मग पोर्तो, 1958-59. बेन्फिका पाच पॉइंट पुढे होतं तिथून ओढत ओढत शेवटच्या दिवशी दोघे बरोबरीत, ठरणार गोल फरकावर. पोर्तोने आपली मॅच 3-0 जिंकली आणि खेळाडू ग्राउंडवरच थांबून राहिले कारण लिस्बनमधली बेन्फिकाची मॅच संपतच नव्हती, उशिरा सुरू झालेली आणि रेफ्री इनोसेन्सियो कालाबोते शिट्टी वाजवायला तयार नाही. शेवटी 7-1 वर संपली आणि पोर्तो एका गोलच्या फरकाने चॅम्पियन. "कालाबोते" हा शब्द पोर्तुगालमध्ये आजही भांडण लावायला पुरतो. आणि गुटमनने काय केलं? त्याच उन्हाळ्यात उठून बेन्फिकाला गेला!

बेन्फिकात गेल्यावर वीसेक सीनियर खेळाडूंना नारळ आणि ज्युनियरमधली पोरं वर. बाहेरून हे क्रूर दिसतं, पण बाहेरून आलेल्या कोचला ही संधी एकदाच असते, पहिल्या महिन्यात. तेव्हा कोणाशी नातं नसतं, कोणाच्या घरी जेवलेलो नसतो. सहा महिन्यांनी तोच निर्णय घ्यायला गेलास तर हात थरथरतो. 1960, 1961 दोन्ही लीग जिंकल्या, आणि 31 मे 1961 ला बर्नमध्ये बार्सिलोनाला 3-2 हरवून पहिला युरोपियन कप. त्याआधी पाचही वेळा तो रिअल माद्रिदने नेला होता. खरं सांगायचं तर बर्नला नशीबही होतं, बार्सिलोनाचे शॉट पोस्टला लागून लागून परत येत होते, त्यांच्या गोलकीपरचा सेल्फ गोल झाला.

युसेबियो बर्नला नव्हता बरं का. त्याची बातमी गुटमनला सलूनमध्ये मिळाली असं सांगतात, बाउअर नावाचा ब्राझीलचा जुना ओळखीचा माणूस टूर करून लिस्बनला आला होता, त्याने मोझांबिकमधल्या एका पोराचं नाव काढलं. लिस्बनच्याच स्पोर्टिंग क्लबचाही त्याच्यावर डोळा, म्हणून बेन्फिकाने पोरगा आल्यावर काही दिवस लपवून ठेवला. जून 1961 ला पॅरिसमध्ये पेलेच्या सान्तोससमोर बेन्फिका चार-पाच गोलने मागे असताना तो बदली म्हणून उतरला आणि हॅटट्रिक केली.

तिसरा सीझन 1961-62. गुटमन म्हणायचा तिसरा सीझन कोचचा घात करतो. लीगमध्ये बेन्फिका खरंच तिसऱ्या नंबरवर घसरलं. हे मला पुस्तकातून कळायची गरज नाही पडली. माझ्या एका टीमबरोबर तिसऱ्या वर्षी मी बोर्डवर खडू टेकवला की पोरं माझं वाक्य माझ्या आधी पूर्ण करायची, मला आधी कौतुक वाटलं की वा, किती आत्मसात केलंय, मग लक्षात आलं की ती ऐकतच नाहीयेत, पाठ झालंय त्यांना. मी तरी राहिलो, चौथ्या वर्षीही राहिलो, कारण मला तिथला चहावाला सुद्धा नावाने ओळखायचा. गुटमन नसता राहिला. युरोपियन कपचा बोनस पोर्तुगीज लीगच्या बोनसपेक्षा कमी मिळाला ही त्याची तक्रार होतीच, पण मला वाटतं पैशाचं भांडण हे निमित्त होतं, तो निघायच्या मूडमध्येच होता. लगेच उरुग्वेला पेनारोल घेतलं आणि 1962 च्या कोपा लिबर्तादोरेसच्या (दक्षिण अमेरिकेचा युरोपियन कपच म्हण) फायनलपर्यंत गेला, पेलेच्या सान्तोसकडून हरला, तरी एका वर्षात दोन खंडांच्या फायनलला बसलेला माणूस हा.

त्यानंतर उतारच आहे. 1964 मध्ये थोडे दिवस ऑस्ट्रियाची नॅशनल टीम, बेन्फिका परत, सर्वेत, पानाथिनाइकोस, शेवटी 1973-74 ला पुन्हा पोर्तो. 1981 ला व्हिएन्नात गेला. लवकर येऊन लवकर निघायची पद्धत तरुणपणी शोभते, सत्तरीत क्लबही तुझ्याकडे दोन सीझनचा पाहुणा म्हणूनच बघतात. शिवाय तो मागे काही बांधून गेला नाही, हा त्याच्यावरचा खरा आक्षेप आहे आणि मला तो मान्य आहे. पण बेन्फिकाने मात्र 2014 मध्ये त्याचा पुतळा उभारला, दोन्ही हातांत एकेक युरोपियन कप.

तर ग्रेट होता का? एकच मॅच बघ, ॲमस्टरडॅम 1962. तोच पुश्कास, चौदा वर्षांपूर्वीचा, माद्रिदसाठी पहिल्या हाफमध्येच हॅटट्रिक करतो, हाफटाइमला माद्रिद 3-2 पुढे. गुटमनने पुश्कासवर माणूस वाढवला नाही, त्याने आपल्या काव्हेमला माद्रिदच्या दि स्टेफानोच्या मागे लावलं, कारण पुश्कासला बॉल तिथून येत होता. सेकंड हाफला माद्रिदचा एकही गोल नाही, बेन्फिकाचे तीन, त्यातले दोन युसेबियोचे. त्याचं फुटेज मिळालं तर सेकंड हाफला बॉल सोड, युसेबियोही सोड, फक्त काव्हेम आणि दि स्टेफानोमधलं अंतर बघत बस.